दोरा

मी बी. कॉम. आहे, तोही सेकंड क्लास. चोवीस वर्षं बँकेत बसून दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर माझं असं ठाम मत झालं होतं, की टॅली होत नाही असा आकडा जगात नाही. मग मुलगी शिकायला न्यूयॉर्कला निघाली.

"पोचणार कधी पोर?" आईनं विचारलं.

तिकीट काढून दाखवलं. मुंबईहून रात्री दीड, न्यूयॉर्कला सकाळी साडेसात, त्याच तारखेला.

"म्हणजे सहाच तास! अरे, कोल्हापूरला याहून जास्त लागतात," म्हणून आई निश्चिंत झाली.

मला ते पटेना. भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली. विमान अरबस्तान, आफ्रिकेचं वाळवंट आणि अटलांटिक असं जाणार होतं. एवढ्यात धाकटा म्हणाला, "बाबा, पृथ्वी गोल आहे." हे मलाही ठाऊक होतं, फक्त बँकेत त्याचा कधी उपयोग पडला नव्हता.

त्यानं शाळेचा पृथ्वीगोल आणला. दोन्ही गावांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो मध्य आशिया, रशिया करत पार उत्तरेला चढला आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरला! गोलावर जवळची वाट म्हणे हीच. दोरा भरला ३० सेंटीमीटर, गोलाची कंबर ९६. खऱ्या पृथ्वीची कंबर ४०,००० किलोमीटर. त्रैराशिक मांडलं : १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० नं भागलं : चौदा तास. शिवाय जाताना वरचे वारे समोरून येतात, विमानही दोऱ्यासारखं सरळ जात नाही. म्हणून दीड तास किरकोळ खर्चाला टाकला. एकूण साडेपंधरा.

आईचे सहा, माझे साडेपंधरा. फरक साडेनऊ. तो मी सस्पेन्स खात्यात टाकणार, एवढ्यात धाकटा म्हणाला, "उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागं असतं." टॅली! म्हणजे आपल्याकडच्या संध्याकाळी पाचला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. पाच वाजले. सव्वापाच झाले. माझ्या हिशेबाला आदल्या दिवशी हसलेली ही, तेच ताटभर तांदूळ तिसऱ्यांदा निवडत होती. साडेपाचला मी दोरा पुन्हा मोजला. तीसच भरला.

पाच पन्नासला फोन वाजला. "बाबा, पोचले."

पन्नास मिनिटांचा फरक कुठं पडला, हे विचारायचं मी ठरवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं, "जेवलीस का गं?"

दोरा मी कपाटात जपून ठेवला होता. गेल्या आठवड्यात ओळखीतलं कुणी तिकडे निघालं, तर हिनं तो भाजणीच्या पिशवीला गुंडाळायला घेतला.

"अगं, तो न्यूयॉर्कचा दोरा आहे!" मी ओरडलो.

"असेल," ही गाठ मारायचा प्रयत्न करत म्हणाली, "पण पुरत नाहीये."