चौकोनी खजिना

बँकेतल्या कारकुनाला चौकटीतले सगळे कळते, अशी लोकांची एक गोड समजूत आहे. त्यामुळेच शाळेतल्या ‘क्यूआर’ खजिनाशोधाचे घोंगडे माझ्या गळ्यात पडले. हा चौकोन मासाहिरो हारांनी १९९४ साली जपानात काढला, तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी. कोपऱ्यांतल्या तीन डोळ्यांवरून फोनला त्याचे उलटसुलट कळते. वरच्या प्रतीचा असला, तर सुमारे ३० टक्के खराब होऊनही वाचता येतो. आम्हांला ३५ टक्के मिळवता मिळवता घाम फुटायचा. ह्याचे ३० गेले तरी हा पास!

गटात फोन एकच. म्हणजे फोनवाला सेनापती, बाकीचे नुसते वऱ्हाडी. म्हणून मी नियमच केला: दर चौकोनाला फोनचा हात बदलायचा. घरी असला फोन नसलेल्या एका पोराच्या वाट्याला नळाजवळचा, चिखल उडालेला चौकोन आला.

“बाद आहे रे तो!” सेनापती म्हणाला.

पोराने तळहाताची सावली धरली, अन् फोनवर अक्षरे उमटली: ‘मार मी खाते, आनंद तुम्हांला!’

“घंटा!” तो ओरडला अन् सुटला. मागोमाग सगळे वऱ्हाड. फोन कुणाचा, हे त्या धावपळीत खुद्द मालकालाही आठवले नाही.