आठ कोनांचें अपुरें घर

घर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर चौकोन उभा राहतो. चौसोपी वाडा असो कीं ओसरी-माजघराचें साधें घर असो, चार भिंतींवांचून आपणांस घराची कल्पनाच करवत नाहीं. अष्टकोन आपल्याला अपरिचित नाहीं. परंतु त्याचें स्थान देवळाच्या स्तंभांत किंवा यज्ञाच्या यूपांत. संसारी माणसानें अष्टकोनांत बिऱ्हाड थाटावें हें आपल्याला चमत्कारिकच वाटेल. अमेरिकेंत मात्र १९ व्या शतकाच्या मध्यास अशा घरांचें जणूं वेडच पसरलें होतें. त्या घरांपैकीं सर्वांत मोठें मानलें जाणारें घर मिसिसिपी नदीच्या कांठच्या नॅचेझ शहरीं आहे. त्याचें नांव लाँगवुड.

या वेडाचा प्रवर्तक ऑर्सन स्क्वायर फाउलर. कवटीच्या आकारावरून मनुष्याचा स्वभाव सांगणारा हा व्याख्याता. १८४८ सालीं त्यानें एक पुस्तक लिहून अष्टकोनी घराचा पुरस्कार केला. त्याचें म्हणणें समजण्यास थोडी भूमिति हवी. घरांतील विद्यार्थ्यांनीं पाटी-पेन्सिल घेऊन पडताळा पाहावा. घराचा घेर १६० फूट धरला, तर चौरस घराची बाजू ४० फूट व क्षेत्रफळ १६०० चौरस फूट होतें. तोच घेर अष्टकोनाला दिला, तर बाजू २० फूट, पण क्षेत्रफळ मात्र सुमारें १९३१ चौरस फूट! म्हणजे तेवढ्याच भिंतींत एकपंचमांश जागा अधिक. शिवाय आठहि दिशांनीं उजेड आणि वारा. सामान्य माणसाला थोडक्या खर्चांत चांगलें घर मिळावें, हा फाउलरचा हेतु होता. दोष इतकाच, कीं आंतल्या खोल्या चौकोनी ठेवाव्या तर मध्यें त्रिकोणी कोपरे उरत, आणि त्यांत ना धड पलंग मावे ना कपाट.

गरिबांसाठीं सुचविलेला हा आकार हॅलर नट नांवाच्या धनाढ्य मळेवाल्यानें उचलला. त्याच्या मळ्यांवर कापूस आणि ऊस पिके, आणि तो पिकविण्यासाठीं सुमारें ८०० गुलाम त्याच्या मालकीचे होते असें सांगतात. फिलाडेल्फियाचा शिल्पज्ञ सॅम्युएल स्लोन यानें त्याला नकाशा काढून दिला. सहा मजले, ३२ खोल्या, मध्यभागीं तळापासून वरपर्यंत मोकळा गेलेला विशाल अष्टकोनी चौक आणि सर्वांवर कांद्याच्या आकाराचा घुमट. पूर्वेकडील राजवाड्यांचा हा थाट त्या काळीं तिकडील श्रीमंतांस फार मोहक वाटे. १८६० सालीं कामास आरंभ झाला. विटा गुलामांनीं जागेवरच पाडल्या. कुशल गवंडी आणि सुतार फिलाडेल्फियाहून आले. वर्षभरांत बाहेरचें सारें कवच उभें राहिलें.

इतक्यांत १८६१ च्या एप्रिलांत उत्तर आणि दक्षिण यांचें यादवी युद्ध पेटलें. उत्तरेचे कारागीर हातांतलीं हत्यारें जागच्या जागीं टाकून घरीं परतले. मग गुलाम कारागिरांकडूनच तळमजल्याच्या नऊ खोल्या १८६२ पर्यंत राहण्याजोग्या करून घेण्यांत आल्या. वरच्या २३ खोल्या तशाच राहिल्या. नट दक्षिणेंतला असूनहि त्याची निष्ठा संयुक्त संस्थानांच्या सरकारकडे होती. पण युद्धाच्या वणव्यांत त्याचे मळे वांचले नाहींत. १८६४ सालीं फुप्फुसाच्या विकारानें तो वारला. त्याची पत्नी जुलिया मुलांबाळांसह त्या नऊ खोल्यांत राहिली, आणि नुकसानभरपाईसाठीं सरकारकडे वर्षानुवर्षें दाद मागत राहिली. १८९७ मध्यें तिचा अंत झाला. डोक्यावर राजवाड्याचें रितें कवच आणि खालीं ओढगस्तीचा संसार, असे तिचे तीस-पस्तीस वर्षांचे दिवस गेले.

गांवकऱ्यांनीं या घरास ‘नटचें वेड’ असें नांव ठेवलें. १९६८ पर्यंत तें वंशजांकडे होतें. १९६९ सालीं त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला, आणि आतां नॅचेझच्या एका महिलामंडळाकडे त्याची व्यवस्था आहे. वरचे मजले मुद्दामच पुरे केलेले नाहींत. जिना चढून गेलें कीं उघड्या विटा, नुसत्या तुळया आणि कारागिरांनीं टाकून दिलेलीं हत्यारें दृष्टीस पडतात.

या घराचा आपल्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. तो आहे, आणि कापसाच्याच धाग्याचा आहे. त्या युद्धांत उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं. इंग्लंडच्या गिरण्यांस कापूस मिळेना. तेव्हां वऱ्हाड, खानदेश आणि गुजराथ येथील कापसास मुंबईंत सोन्याचा भाव आला, आणि पाठोपाठ शेअरांचा उन्माद माजला. १८६५ सालीं तिकडे युद्ध थांबतांच इकडे पेढ्या कोसळल्या. प्रेमचंद रायचंदासारखा कुबेरहि बुडाला. मात्र तेजीच्या दिवसांत त्यानें दिलेल्या देणगीमुळें मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. ज्या युद्धानें नॅचेझचें घर अपुरें ठेविलें, त्याच युद्धाच्या पैशानें आपल्याकडे मनोरा उठविला.

लाँगवुड पाहणारास प्रथम घुमटाचें आणि आठ कोनांचें कौतुक वाटतें. परंतु सजविलेल्या वाड्यांत गिलाव्याखालीं झांकून जातें तें येथें उघडें आहे. त्या उघड्या भिंतींतील वीट न वीट मोल न मिळालेल्या हातांनीं घडविलेली आहे. मालकाच्या वैभवाचा बेत वर अपुरा राहिला, आणि त्याच्या कुटुंबास अखेरपर्यंत आसरा दिला तो त्याच हातांनीं पुऱ्या केलेल्या नऊ खोल्यांनीं.