पी.पी. नंबरची पिढी

आमच्या लहानपणी बेळगावच्या टिळकवाडीत फोन असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. अशा एका घराचा नंबर गल्लीतली आठ-दहा घरं बिनदिक्कत आपला म्हणून द्यायची, पुढं ‘पी.पी.’ लिहून. पुण्याहून फोन आला की पोरं पळायची, “काकू, तुमचा फोन!” आणि काकू कणकेचे हात तसेच घेऊन यायच्या.

आमच्या गल्लीतला फोन अण्णा-अक्कांच्या हॉलमध्ये, भरतकामाच्या रुमालाखाली. डायलला इवलंसं कुलूप, किल्ली अण्णांच्या खिशात. शेजारी वही : तारीख, नंबर, पैसे. लग्नाची बोलणी, बदली, कुणाचा निकाल, सगळं त्याच हॉलमध्ये, तेही ओरडून. पण अक्कांची शिस्त अशी, की शेजारीण रिसीव्हर उचलायच्या आत घरच्यांनी रेडिओ बंद करून स्वयंपाकघरात जायचं. तरी कानावर पडलंच, तर ते गल्लीत न्यायचं नाही. दार लावायची सोय नव्हती, म्हणून कान आवरायची सवय लागली.

पुढं एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून तेव्हाच रांग लागायची. काचेच्या खोक्यातल्या लाल आकड्यांकडं बघत माणसं ख्यालीखुशाली उरकायची.

आज माणशी एक फोन. नवरा-बायको एकमेकांना पासवर्ड सांगत नाहीत, पण कुठल्याशा ॲपनं मागितलं की सगळ्या नातेवाइकांचे नंबर देऊन मोकळे. नातवाचा गणवेशातला फोटो शाळेच्या नावासकट तीन ग्रुपांवर फिरतो. खरं तर 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यासाठी कोर्टात गेले होते आपल्याच कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. 2023 च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ती संमतीची खूण पालकांच्या फोनवर पोरंच करून टाकतात, ही गोष्ट निराळी!

कायद्यानं जमत नाही, ते सवयीनं जमतं : सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. अलीकडं आपल्या सुवर्ण विधानसौधाजवळच्या हलगा गावानंही हाच पायंडा पाडला. टिळकवाडीत भोंगा कोण वाजवणार? तेव्हा आपणच अक्का व्हायला हवं. जेवताना फोन लांब ठेवा, नातवाचा फोटो पाठवण्याआधी त्याच्या आईला विचारा, ओटीपी मागणाऱ्याचा फोन तिथंच ठेवून द्या. तरीही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 लावा.