माझे वडील : एक फिरते विक्रेते

वर्गात "वडील काय करतात?" असे विचारले म्हणजे शेतकऱ्याची, शिक्षकाची किंवा कारखान्यातील कामगाराची मुले चटकन् उत्तर देतात. ज्यांचे वडील माल विकण्यासाठी गावोगाव हिंडतात ती मुले मात्र किंचित थबकून "कंपनीत आहेत" एवढेच सांगतात, असे माझ्या नेहमी पाहण्यात येते. त्या मुलांसाठी, व त्यांच्या घरच्या मंडळींसाठीही, माझ्या वडिलांविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आम्ही मूळचे बारामती तालुक्यातील कन्हेरीचे. तेथील मारुतीपुढे निवडणुकीचे नारळ फुटतात, तेवढ्यापुरते गावाचे नाव वर्तमानपत्रांत झळकते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. १९७२ च्या दुष्काळात, ऐन विशीत, त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली. पुढे बारामतीच्या एका दुकानात ऑईल इंजिने व पाण्याचे पंप विकण्याची नोकरी त्यांना मिळाली, व ती त्यांनी चौतीस वर्षे केली. पगार बेताचा, खरी प्राप्ती कमिशनची. इंजिन खपले तर घरात पैसा, न खपले तर नुसती धूळ!

आमच्या तालुक्याची दोन रूपे आहेत. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, आणि त्याच्या काठची गावे उसाने हिरवी झाली. सुपे-मोरगावकडील जिरायती भाग मात्र आभाळाकडे पाहत राहिला. कालव्याकाठी पंप विकणे सोपे, कारण तेथे पाणी होते. अण्णांचा ओढा जिरायती गावांकडे असे, आणि तेथे पंप विकण्यापूर्वी ते विहीर पाहत. दोरीला दगड बांधून खोली मोजीत. उपसा केल्यावर विहीर पुन्हा भरण्यास किती तास लागतात ते विचारीत. आणि ही चौकशी शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत करीत. "पावसाळ्यात सगळ्यांचीच विहीर श्रीमंत असते," असे ते म्हणत.

हवेच्या दाबाचा धडा मी शाळेत शिकण्याच्या आधी त्यांच्याकडून शिकले. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप नळीतील हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब पाण्याला सुमारे ३४ फुटांपलीकडे चढवू शकत नाही. इटलीतील टॉरिचेलीने सतराव्या शतकात त्याचे कारण शोधले. अण्णांना टॉरिचेली ठाऊक नव्हता. परंतु प्रत्यक्षात वीस-बावीस फुटांहून अधिक भरवसा धरू नये, म्हणून खोल विहिरीत पंप खाली कट्ट्यावर बसवावा लागतो, हे त्यांना पक्के माहीत होते. वर पंप बसवून खाली पैसे बुडविणारे शेतकरी त्यांनी पाहिले होते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट त्यांना फार प्रिय. बेळगावी त्यांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा लोकांचा समज होता, आणि पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ही गोष्ट सांगणारे बहुधा लक्ष्मणरावांची चिकाटी वाखाणतात. अण्णा शेतकऱ्याची बाजू घेत. "कारखान्याजवळ नांगर पुष्कळ असतात, त्याच्याजवळ जमीन एकच होती. तो भ्याला ते बरोबरच होते."

मी सातवीत असतानाची हकीकत आहे. जून महिना तोंडावर आला होता आणि माझ्या वसतिगृहाची फी भरावयाची होती. मोरगावकडील एक गृहस्थ बायकोचे दागिने मोडून आणलेली रक्कम कनवटीला लावून दुकानात आले. अण्णा आधी त्यांची विहीर पाहून आले होते. त्यांनी दुकानातच सांगितले, "इंजिन आज देतो, पण पाणी कोठून देऊ? तासाभरात विहीर कोरडी पडेल." गृहस्थ परत गेले. मालकांनी काय ऐकविले ते अण्णांनी घरी सांगितले नाही, पण त्या महिन्यात पाकीट हलके आले. आई म्हणाली, "लोकांच्या विहिरींची एवढी काळजी, घरच्या रांजणाची कोणी करायची?" तिचे म्हणणे खोटे नव्हते, आणि आजही मला ते खोटे वाटत नाही. फी तिने शिवणकामातून भरली.

पुढे कळले की त्या गृहस्थांनी दुसरीकडून इंजिन घेतलेच, आणि ते वर्षभर पोत्याखाली पडून राहिले. अण्णांनी "मी म्हटले नव्हते?" असा शब्द काढला नाही. कालव्याकाठचा एक गरजू शेतकरी हुडकून त्यांनी ते इंजिन बऱ्या किमतीला विकून दिले. स्वतः काही घेतले नाही. यावरही आई बोललीच.

विहिरींची माहिती ते एका जाड वहीत लिहीत. त्यांच्या निधनानंतर दुसऱ्या वर्षी एक तरुण शेतकरी आमच्याकडे आला. वडिलोपार्जित विहीर आणखी खोल न्यावी की नवी जागा पाहावी, हे त्याला ठरवावयाचे होते, आणि पूर्वी तिला पाणी किती होते हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. आम्ही वही काढली. पान सापडले : खोली ४२ फूट, एप्रिलअखेर पाणी ३ फूट, भरण्यास १९ तास. खाली लिहिले होते, "इंजिन दिले नाही." त्याने ते आकडे मोबाईलमध्ये टिपून घेतले आणि चहाही न घेता तो निघाला, विहिरीवर माणसे खोळंबली होती.