अखेरचा शब्द

पोथी उतरवणारा लेखनिक काळ्या शाईने मजकूर लिही आणि विरामदंडांवर हिंगुळाचा तांबडा रंग देई. शब्द ग्रंथकाराचे, रंग लेखनिकाचा. वाचकाला दोन्ही आहेत तसेच स्वीकारावे लागत. छापखाने आल्यावरही ही वाटणी मोडली नाही. अक्षर बारीक वाटले, तर वाचकाने चाळिशी लावावी, पान खिडकीच्या उजेडात धरावे; त्याची सत्ता तेवढीच.

संगणकाच्या पडद्यावरील पानाने प्रारंभी निराळी वाट धरली होती. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी घडवलेल्या खूणभाषेतील खुणा प्रामुख्याने मजकुराचे स्वरूप सांगत : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. शीर्षक केवढे दिसावे, हे वाचणाऱ्याचा ब्राउझर ठरवी. लेखकांना ते रुचेना. मग अक्षरांचे वळण आणि रंग सांगणाऱ्या खुणा मजकुरातच शिरल्या. शंभर शीर्षके तांबडी करायची, तर तांबडा रंग शंभरदा लिहावा लागे. बदलायचा, तर शंभरदा खोडावा लागे.

१० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन व्हियुम ली यांनी यावर उपाय मांडला. पुढे बर्ट बोस त्यांना येऊन मिळाले. रूपाचे नियम मजकुरापासून वेगळे लिहावेत, हा त्यांचा विचार. 'शीर्षक तांबडे' असे एकदा सांगितले की सारी शीर्षके तांबडी. हा नियम एखाद्या खुणेच्या पोटात लिहिता येतो, पानाच्या शिरोभागी मांडता येतो, किंवा स्वतंत्र पत्रकात ठेवून हव्या तितक्या पानांना जोडता येतो. १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने ही पद्धत शिफारस म्हणून प्रसिद्ध केली.

सोय मोठी होती. परंतु तिच्या पोटात एक जुना प्रश्न दडला होता. ब्राउझर, वाचक आणि लेखक या तिघांचेही नियम एकाच पानावर उतरू शकत. त्यांच्यात मतभेद झाला, तर मानावे कोणाचे? सामान्यतः लेखकाचे, असे ठरले. नियमापुढे 'इम्पॉर्टंट' अशी खूण करून तो आग्रहाने मांडण्याची मुभा लेखक आणि वाचक दोघांनाही होती. मात्र दोघांनीही आग्रह धरला, तर १९९६च्या शिफारशीनुसार लेखकच जिंके.

१२ मे १९९८च्या दुसऱ्या शिफारशीने हा क्रम उलटवला. दोन आग्रहांच्या झगड्यात आता वाचकाची सरशी होऊ लागली. दृष्टी मंदावलेल्या माणसाने आपल्या पत्रकात मोठी, ठळक अक्षरे मागितली, तर लेखकाच्या फिकट, नाजूक अक्षरांनी बाजूला व्हावे, हा त्यामागचा हेतू. लेखकाची अभिरुची कितीही सुसंस्कृत असली, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांची गरज तिच्याहून मोठी मानली गेली.

हा नियम आजही कायम आहे. मात्र वाचकाला स्वतःचे पत्रक जोडू देणारी सोय क्रोम या ब्राउझरने २०१४ मध्ये काढून टाकली. अखेरचा शब्द वाचकाचा, हे कागदावर मान्य आहे. तो उच्चारण्याची जागा तेवढी आक्रसली आहे.