रानपिंगळ्याची ओळ

माझ्याकडे पक्ष्यांच्या नोंदींच्या सात वह्या आहेत. अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव, पोहऱ्याचे जंगल, सुट्यांमधले मेळघाट असे वीस वर्षांचे भटकणे त्यांत आहे. कोणी विचारले की ‘दोनशेच्या आसपास’ असे मी सांगत असे. मराठी विभागात मोजणीला फारशी प्रतिष्ठा नसते, त्यामुळे हे ‘आसपास’ कोणाला खटकले नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत मात्र मी साऱ्या नोंदी संगणकावर, एक्सेलच्या तक्त्यात उतरवायला घेतल्या.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. एका पक्ष्याला एक ओळ दिली आणि तो जेव्हा जेव्हा दिसला त्या सर्व तारखा एकाच चौकटीत कोंबल्या. वेड्या राघूची चौकट तिसऱ्या दिवशी पडद्याखाली घरंगळली. मग दोन पत्रके केली, एक प्रजातींचे आणि दुसरे दर्शनांचे. दुसऱ्यात प्रत्येक दर्शनाला स्वतंत्र ओळ. तिथे पक्ष्याचे नाव टंकायचे नाही, पहिल्या पत्रकातून निवडायचे. हा नियम मला अपमान सोसून शिकावा लागला. मी एकदा ‘शिंजीर’ आणि एकदा ‘शिंजिर’ लिहिले होते आणि संगणकाने बिनतक्रार दोन पक्षी मोजले. ऱ्हस्वदीर्घाचे अर्धे अर्धे गुण कापण्यात माझी हयात गेली आहे!

नावांचा प्रश्न एवढ्यावर मिटला नाही. मराठी नाव हीच पक्ष्याची ओळख मानावी, असा माझा हट्ट होता. तो पाकोळीने मोडला. आपण सहजपणे जिला पाकोळी म्हणतो, तिच्यात दोन निरनिराळ्या गणांतले पक्षी मिसळलेले असतात. इंग्रजी नाव घ्यावे तर तेही स्थिर नाही. जुन्या पुस्तकांतला ‘स्मॉल ग्रीन बी-ईटर’ पुढे नुसता ‘ग्रीन’ झाला आणि आफ्रिकेतले व अरबस्तानातले त्याचे भाऊबंद वेगळ्या प्रजाती ठरल्यावर ‘एशियन ग्रीन’ झाला. या सगळ्या घालमेलीत ‘मेरॉप्स ओरिएंटॅलिस’ हे शास्त्रीय नाव तेवढे टिकले. म्हणून शास्त्रीय नावाचा रकाना आधी आला. वहीत मी त्या वेळी लिहिलेले मराठी नाव मात्र वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे ठेवले. २०२५ मध्ये निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोशा’त पक्ष्यांची नावे गोळा केली, ती काही मी एका कळीने पुसून टाकण्यासाठी नव्हे.

तारखांचेही तेच. ‘होळीच्या सुमारास’ हे वहीतले शब्द संगणकाला कळत नाहीत. तेव्हा एक रकाना वहीतल्या शब्दांचा आणि एक माझ्या अनुमानाचा केला. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या बाईला हे सुचायला चार दिवस लागावेत, याची लाज वाटली. मूळ प्रत आणि संपादकाची दुरुस्ती एकाच ओळीत मिसळू नयेत, हे तर मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

शेवटचा रकाना पुराव्याचा. पाहिला, ऐकला, छायाचित्र आहे, सोबत कोण होते. तो भरता भरता मी रानपिंगळ्यापाशी आले.

या पक्ष्याचा इतिहास माहीत असणाऱ्याने त्याच्यापाशी तरी जपून वागायला हवे होते. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकानंतर तो जणू नाहीसाच झाला. मध्यंतरी रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाने १९१४ मध्ये तो गुजरातेत मांडवीला मिळवल्याचा दावा केला होता. पुढे उघड झाले की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, कुणा दुसऱ्याने १८८० च्या दशकात गोळा केलेला होता. त्याला नवी चिठ्ठी तेवढी लावली होती. पामेला रासमुसेन यांनी त्या दाव्यावर विसंबणे सोडले, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना तो जिवंत भेटला. पुढे तो मेळघाटातही आढळला.

माझ्या तिसऱ्या वहीत एवढेच आहे : ‘सेमाडोह. सकाळ. सागावर पिंगळा.’ ‘पिंगळा’च्या आधी ‘रान’ ही दोन अक्षरे निळ्याऐवजी काळ्या शाईत आहेत. ती मी नंतर घातली. केव्हा, ते आठवत नाही. कोणीतरी म्हणाले होते, ‘दिवसा दिसला म्हणजे तोच असणार.’ पण साधा पिंगळाही दिवसा दिसतो. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ सपाट असतो. माथ्याविषयी वहीत एक शब्दही नाही. आज डोळे मिटले की मला तो सपाटच दिसतो, पण त्यानंतर मी त्याची शेकडो छायाचित्रे पाहिली आहेत. हा माथा त्यांतलाच नसेल कशावरून?

या नोंदीवर मी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात लेख लिहिला. ललित गद्य शिकवताना ‘निरीक्षण’ म्हणून कित्येक तुकड्यांना ती सकाळ रंगवून सांगितली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पदरची ओवी घालणाऱ्याला बजावून ठेवले, हेही त्याच वर्गांत सांगितले. माझी दोन अक्षरे काळ्या शाईतली होती.

ओळ काढावी की ठेवावी, यात दोन दिवस गेले. अखेर ‘रान’ काढले. पण साधा पिंगळा असेही लिहिता येईना, कारण त्यालाही पुरावा नव्हताच. आता ती ओळ ‘पिंगळा, जात अनिश्चित’ अशी आहे आणि बेरजेत धरलेली नाही. बेरीज १८७ आली. दोनशेच्या आसपासही नाही.

एका जुन्या विद्यार्थ्याला, आता तोही शिकवतो, मी फोन करून हे सांगितले. तो माझा लेख वाचून मेळघाटात जाऊ लागला होता. क्षणभर तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, पण मला तो खरंच दिसला. फोटो आहे माझ्याकडे.’ संध्याकाळी त्याने तो पाठवला. माथा सपाट होता. मी त्याला लिहिले, तारीख आणि जागा तुझ्या यादीत आजच टाक.