टोचन

आमच्या भाईजानचं गॅरेज बोईसर-चिल्हार रस्त्यावर आहे. रविवारी मी तिथे हिशोबाच्या वह्या बघायला जातो. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरचे लोक असली कामं लावतात. मार्चमधल्या एका रविवारी पुतण्याने माझ्यासमोर मोबाईल धरला. "चाचू, हे बघा. आपल्याला हीच पाहिजे."

अमेरिकेतला व्हिडिओ होता. एक गोरे आजोबा, त्यांची बसएवढी घरगाडी. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. आजोबा-आजी निवृत्त होऊन त्या घरातच देशभर फिरत होते. पण बाजारातून दूध आणायला बस कशी काढणार? म्हणून घरगाडीमागे त्यांची छोटी कार बांधलेली. कारची पुढची दोन चाकं एका दोनचाकी गाड्यावर चढवलेली, मागची दोन रस्त्यावर. त्या गाड्याला म्हणतात टो डॉली. आजोबा वीस मिनिटं फक्त एवढंच सांगत होते की डॉली निवडताना काय बघायचं.

बोईसरमध्ये घरगाडी कुणाकडे नाही. पण बंद पडलेल्या गाड्या ढीगभर आहेत, आणि त्या ओढून आणणं हा आमच्या गॅरेजचा निम्मा धंदा. या कामाला आमच्याकडचा शब्द आहे टोचन. इंग्रजीतल्या 'टो' आणि 'चेन'चं लग्न लावून कुण्या मेकॅनिकने तो केला असावा असं मला वाटतं. ठाण्यापासून तलासरीपर्यंत कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, "गाडी टोचन करून आणली" म्हटलं की त्याला कळतं.

भाईजानकडे टोचनला एक जुनी पिकअप आणि एक लोखंडी दांडा आहे. दोर नाही. दोर का नाही हे पुतण्याला अर्धवट माहीत आहे, मला पूर्ण.

१९९१ चा जुलै. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, आम्ही ठाणे जिल्ह्यातले. अब्बांची पद्मिनी भाड्याने चालायची. मनोरला, मस्तान नाक्याजवळ, तिचं इंजिन बसलं. ओळखीचा एक ट्रकवाला रिकामा पालघरला निघाला होता. त्याने नायलॉनचा दोर बांधला. अब्बांना ताप होता, म्हणून पद्मिनीच्या स्टिअरिंगवर मी बसलो. माझं लायसन तीन महिन्यांचं होतं. भाईजान ट्रकच्या मागच्या फाळक्याशी उभा राहिला, दोरावर नजर ठेवायला.

मनोर ते पालघर वाटेत वाघोबा खिंड लागते. चढावर काही झालं नाही, दोर ताठ होता. देवस्थानाजवळ ट्रकवाल्याने हात जोडले, आणि उतार लागला. उतारावर ओढणारा हळू होतो आणि मागचा पुढे जायला बघतो. दोर ढिला पडून रस्त्यावर लोळू लागला. ट्रकची मागची बाजू एकदम मोठी दिसायला लागली आणि मी घाबरून ब्रेकवर उभाच राहिलो. तेवढ्यात ट्रकने वेग घेतला. दोर ताणला, तुटला, आणि त्याच्या टोकाचा आकडा गोफणीसारखा उलटा गेला. भाईजानच्या डाव्या भुवईवर सात टाके पडले. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता. ती खूण अजून आहे. त्यानंतर त्याने कधी दोराने गाडी ओढली नाही. दांडा वापरला, कारण दांडा ढिला पडत नाही.

गंमत अशी की त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८९ मध्ये, देशाचे रस्त्याचे नियम आले होते आणि त्यांत हे सगळं लिहिलेलं होतं. ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको. मागच्या गाडीवर पांढऱ्या पाटीवर ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहायचं. आणि मुख्य म्हणजे, मागच्या गाडीत लायसनवाला माणूस बसलेला हवा, नाही तर तिची वळणारी चाकं तरी क्रेनने किंवा दुसऱ्या साधनाने जमिनीवरून उचललेली हवीत. आमच्याकडे लायसनवाला होता एवढंच. बाकी सगळं नव्हतं.

या शेवटच्या नियमातच डॉलीचं सगळं मर्म आहे. पुढची चाकं उचलली की मागच्या गाडीत माणूस लागत नाही. आणि आता हा माणूस लागणं १९९१ पेक्षा जास्त धोक्याचं झालंय. आमच्या पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं, ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नव्हती. इंजिन चालू असो की बंद, ती सारखीच जड. आजच्या गाडीचं इंजिन बंद पडलं की दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत साठलेला व्हॅक्यूम संपतो, मग पॅडल दगड होतं. स्टिअरिंगही हाताला येत नाही. चुकून चावी काढली तर ते लॉकच होतं. अशा गाडीत दांड्याच्या मागे बसतो तो आमचा पुतण्या. पुढे पिकअप चालवतो त्याचा बाप, एक डोळा कायम आरशात.

पुतण्याला डॉली हवी होती ती मात्र वेगळ्या कारणाने. मागच्या पावसाळ्यात तारापूरच्या एका कारखान्यातल्या साहेबांची गाडी चिल्हार फाट्यावर बंद पडली. पुतण्याने न्यूट्रल टाकून दांड्याने ओढत बोईसरला आणली, नेहमीसारखी. गाडी ऑटोमॅटिक होती. अशा गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पण पुढची चाकं रस्त्यावर फिरत असल्यामुळे आतले भाग फिरतच राहतात, तेलाशिवाय. इंजिनाचा बिघाड किरकोळ निघाला, गिअरबॉक्स मात्र आमच्या ओढण्याने गेला. साहेब भले होते, ओरडले नाहीत. भाईजानने भरपाई दिली. ती गॅरेजची चार महिन्यांची कमाई होती. वहीत मीच लिहिली.

डॉली असती तर तीच पुढची चाकं हवेत असती आणि काही झालं नसतं. पोराचं म्हणणं बरोबर होतं.

पण मग मी वही उघडली. ओढून आणलेल्या गाड्यांत कोण कोण आहे? स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन, या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. डॉलीला उत्तम. मात्र त्यांच्या बरोबरीने इको. शाळेची मुलं नेणाऱ्या, कामगार नेणाऱ्या, बोईसर स्टेशनबाहेर उभ्या असणाऱ्या इको. आणि बोलेरो. यांचा जोर मागच्या चाकांत असतो. पुढची चाकं डॉलीवर चढवली तर नेमकी नको ती चाकं रस्त्यावर राहतात. मग गाडीखाली झोपून प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट काढायचे, शाफ्ट सोडवायचा आणि मग न्यायची. फोर-व्हील असेल तर डॉलीचा विचारच सोडायचा. विजेवरची गाडी असेल तरी चारही चाकं उचलणारी सपाट गाडीच बोलवायची, कारण तिथे चाकाला मोटर जोडलेली असते आणि चाक फिरलं की मोटर फिरते.

आणि गिऱ्हाईक फोनवर काय सांगतं? "ऑटोमॅटिक आहे." साध्याच गिअरबॉक्सवर यंत्राचा हात बसवलेली ऑटोमॅटिक की तेलावर चालणारी खरी ऑटोमॅटिक, हे त्यालाही माहीत नसतं. मी पुतण्याला म्हटलं, डॉली घेण्याआधी फोनवर विचारायचे चार प्रश्न भिंतीवर लिही. मास्तरकी कुठे जाते! त्याने लिहिले मात्र.

मग ब्रेकचा मुद्दा निघाला, आणि घरात आठवडाभर अबोला झाला.

एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने पुतण्याला भाव दिला होता. जुना एक्सल, दोन बशा, चढायला दोन पट्ट्या, टायरवरून आवळायचे पट्टे. स्वस्तात. ब्रेकचं विचारल्यावर तो हसला. "त्याला ब्रेक कशाला? पिकअपला आहेत ना."

वॅगनआर आठशे-साडेआठशे किलोची. डॉलीचं लोखंड वेगळं. अमेरिकेतल्या आजोबांची घरगाडी कित्येक टनांची, मागच्या कारचं वजन तिला जाणवतही नसेल. तरीही ते ब्रेकवाली डॉलीच घ्या म्हणत होते. तिकडच्या डॉलीत एक साधी युक्ती असते: ओढणारी गाडी थांबू लागली की मागचं वजन पुढे ढकलतं, आणि त्या ढकलण्यानेच डॉलीचा हायड्रॉलिक ब्रेक दाबला जातो. वायर नाही, बटण नाही. आमची पिकअप दीड टनाच्या थोडी वर. तिच्या मागे बिनब्रेकचा टनभर बोजा, आणि वाघोबा खिंडीचा ओला उतार.

"ब्रेक नसेल तर नको," भाईजान म्हणाला.

"अब्बा, ब्रेकवालीचा भाव दुप्पट आहे. दांडा चालतो तुम्हाला, दांड्याला कुठे ब्रेक आहे?"

हा प्रश्न वकिलाला शोभेल असा होता. दांड्याला ब्रेक नसतो, पण मागच्या गाडीत ब्रेक मारायला माणूस असतो. तो माणूस म्हणजे तू, हे भाईजानला म्हणायचं होतं, पण तो बोलला नाही. भुवईवरून बोट फिरवत उठला आणि एका रिक्षाखाली जाऊन झोपला. तो गप्प बसला की रिक्षाखाली जातो.

दुसरीही अडचण होती. आरटीओच्या एजंटाला विचारलं, तेव्हा कळलं की अशी वस्तू ट्रेलरमध्ये मोडते आणि ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते. फॅब्रिकेशनवाल्याच्या डॉलीला कागद कुठून आणणार? हायवेवर अडवलं तर दंड वेगळा, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार.

मी दोघांना म्हटलं, मग घ्यायचीच कशाला? हायवेवर १०३३ ला फोन केला की क्रेन येते, बंद गाडी बाजूला करते. नव्या गाडीच्या विम्यात फुकट टोइंग असतं, सपाट गाडी येऊन घेऊन जाते. तुमच्या वाट्याला राहिलंय काय?

उत्तर पुतण्याने दिलं, आणि तिथे मी गप्प झालो. राहिल्यात त्या गल्ल्या. सातपाटी, मुरबे, नांदगाव, दांडी, चिंचणी. दहा-बारा वर्षांच्या गाड्या, विम्यात टोइंग वगैरे काही नाही. कोळीवाड्यात एका बाजूला सुकत घातलेले बोंबील, दुसऱ्या बाजूला भिंत. सपाट गाडी तिथे शिरत नाही. डॉली शिरते. कार चढवलेल्या डॉलीला रिव्हर्स घेता येत नाही हे खरं. दोन सांधे असल्यामुळे ती कात्रीसारखी दुमडते, हे आजोबांनीही सांगितलं होतं. पण रिकामी डॉली दोन माणसं हाताने फिरवून गल्लीत नेऊ शकतात. पिकअप बाहेर नाक्यावर, डॉली आत, आणि कार ढकलून वर. हे त्याने सातपाटीला जाऊन, पावलांनी मोजून ठरवलं होतं. पोरगं मला वाटलं तेवढं उथळ नव्हतं.

शेवटी ब्रेकवालीच घ्यायचं ठरलं. मंजुरीचे कागद देणारा ट्रेलरवाला शोधण्यात दोन महिने गेले. पैशासाठी पुतण्याने त्याची बुलेट विकली. भाभी अजून माझ्याशी नीट बोलत नाही, कारण विकायची कल्पना माझी होती.

डॉली ऑगस्टमध्ये आली. नंबर मिळाला नव्हता म्हणून चाचणी एका बंद कारखान्याच्या आवारात घेतली, रविवारी सकाळी. गाडी माझी वॅगनआर. फुकटचं गिऱ्हाईक! पुतण्याने पट्टे आवळले, खाली वाकून हूक तपासले, पुन्हा आवळले. भाईजानने सगळं बघितलं आणि फक्त एवढंच विचारलं, "हँडब्रेक?" तो ओढलेलाच होता. तसंच निघालो असतो तर मागचे टायर घासत आले असते. पुतण्या लाजला, काढून आला.

मग मी सवयीने वॅगनआरचं दार उघडलं आणि आत बसायला लागलो.

"उतर," भाईजान म्हणाला. "मागे कुणी बसायचं नाही."

आम्ही तिघं पिकअपमध्ये दाटीवाटीने बसलो, मी मधे. आवाराला चार फेऱ्या मारल्या. भाईजानने मुद्दाम दोनदा जोरात ब्रेक मारला. मागून काही धक्का आला नाही. माझा उजवा पाय मात्र दोन्ही वेळेला खाली काहीतरी शोधत होता, आणि पुतण्या म्हणाला, "चाचू, पाय काढा ना, गिअर पडत नाहीये."